हाताला काम, बाजाराला गिऱ्हाईक

मंडळी, आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास बाजारात जरा उभे राहून पाहावे. सकाळची गर्दी ओसरलेली असते. कापडवाला घडीच्या साड्यांवरची धूळ झटकत असतो. भांडीवाल्याची पातेली सकाळी जशी रचली होती तशीच एकावर एक उभी असतात. "काय, कसा काय धंदा?" असे विचारले, की उत्तर ठरलेले: "गिऱ्हाईकच नाही, सर." तेथून वीस-पंचवीस पावलांवर पारावर चार तरुण बसलेले असतात. एक बी.ए. झालेला, एक आय.टी.आय. केलेला, दोघे बारावीपर्यंत शिकलेले. त्यांना विचारले, तर तेही तितक्याच सहजपणे सांगतात: "कामच नाही, सर."

या दोन तक्रारी आपण दोन निरनिराळ्या माणसांच्या म्हणून ऐकतो आणि सल्लेही निरनिराळे देतो. दुकानदाराला म्हणतो, भाव थोडा उतरवा. पोराला म्हणतो, आणखी एखादा कोर्स कर. मी स्वतः प्राध्यापक असल्यामुळे हा दुसरा सल्ला मी किती जणांना दिला असेल त्याची गणती नाही. पण नीट पाहिले, तर तक्रार एकच आहे. पारावरच्या चौघांना काम असते, तर त्यांच्यापैकी एकाच्या आईने आज पातेले घेतले असते. पातेली खपली असती, तर भांडीवाल्याने हाताखाली एखादा पोरगा ठेवला असता, आणि पातेल्यांच्या कारखान्यात आणखी एकाला बोलावणे गेले असते. काम नाही म्हणून खरेदी नाही, खरेदी नाही म्हणून काम नाही. हे चक्र नेमके कोठे तोडायचे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आता यात कोणी मूर्खपणा केला आहे का? मुळीच नाही. पाऊस लांबला, किंवा मुलाची नोकरी गेली, की घरची बाई प्रथम काय करते? नवे लुगडे पुढे ढकलते, तेलाची पिशवी महिनाभर पुरवते, चार पैसे बाजूला टाकते. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे, आणि ते खरेही आहे. पण मौज अशी, की सगळ्या गावाने एकदम पाय आखडून घेतले, तर अंथरुणे विणणारा उपाशी बसतो. मग तोही आपले पाय आखडतो. माझा खर्च ही दुसऱ्या कोणाची तरी कमाई असते. घरचा हिशेब आणि देशाचा हिशेब यांची फारकत होते ती येथेच.

ही गोष्ट सर्वांत ठसठशीतपणे मांडली ती जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने, १९३६ साली. त्या वेळी युरोप-अमेरिकेत महामंदी होती. गिरणी होती, कापूस होता, कामगार दाराशी उभा होता, अंगावर धड कपडा नसलेला माणूसही होता. नव्हता तो त्या माणसाच्या खिशात पैसा. केन्सचे म्हणणे असे, की खाजगी माणसे हात आखडतात तेव्हा सरकारने हात सैल करावा, कामे काढावीत, मजुरी द्यावी. ती मजुरी एकदाच खर्च होऊन संपत नाही. समजा, मजुराला १०० रुपये मिळाले, त्याने ८० खर्च केले. ते ८० वाण्याची कमाई झाले, त्यातले ६४ त्याने शिंप्याला दिले, शिंप्याने ५१ आणखी कोणाला. अशी बेरीज करत गेले तर १०० रुपयांच्या मजुरीतून शेवटी ५०० रुपयांची कमाई उभी राहते. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी ही भूमिती श्रेढी मुलांना फळ्यावर जरूर करून दाखवावी. श्रेढीचा इतका चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही.

परंतु विलायतेचे औषध आपल्या प्रकृतीला मानवते का? ही शंका आपल्याच लोकांनी फार लवकर काढली होती. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ साली दाखवून दिले, की इंग्लंडातला बेकार कामगार बंद गिरणीच्या दाराशी उभा असतो. गिरणी सुरू केली की कापड निघते. आपल्याकडचा बेकार माणूस कोणत्या गिरणीच्या दाराशी उभा होता? तो चार माणसांच्या शेतावर पाचवा म्हणून राबत होता. त्याच्या हातात पैसे दिले तर तो प्रथम धान्य घ्यायला जाणार, आणि धान्य तर जेवढे आहे तेवढेच आहे. मग वाढायचे काय? भाव. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद या दोघांनी १९५६ साली हेच सूत्र पुढे नेले. शेतावरच्या या जादा हातांना विहिरी, बांध, रस्ते यांवर लावता येईल, पण त्यांच्या मजुरीला मोल येईल इतकी ज्वारी, तेल, कापड आधी हवे. मजूर ज्यावर मजुरी खर्च करतो तो माल नसेल, तर मजुरी म्हणजे नुसता कागद.

आणि त्या काळी तो माल खरोखरच नव्हता. १९६६ साली देशाला बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणावे लागले. कोठार रिकामे असताना केन्सचा मंत्र पुरा पडत नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

आता मी तुम्हांला १९७२ सालाकडे नेतो.

माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. त्याआधी ती कधी दुसऱ्याच्या कामावर गेली नव्हती; घरची कोरडवाहू जमीन होती, पण सालभर आभाळच फिरकले नाही. सरकारने रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती अशी कामे काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आजी त्या दिवसांबद्दल फारसे बोलत नसे. उन्हाबद्दल बोले, मिलो नावाच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या भाकरीबद्दल तोंड वाकडे करून बोले. पण एक गोष्ट ती हसून सांगे. पगाराच्या दिवशी त्या उजाड माळावर, जेथे पाण्याचा थेंब नव्हता, तेथे कोठून कोण जाणे पण चहावाला येई, भेळवाला येई, एक कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन येई. "एवढ्या दुष्काळात बांगड्या?" असे मी लहानपणी विचारले होते. आजी म्हणाली, "अरे, सगळ्या कुठं भरत होत्या? एखादीच भरायची. पण कासारणीचं पोट त्याच्यावरच होतं की."

अर्थशास्त्राची पदवी घेऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर माझ्या लक्षात आले, की आजीने मला केन्स शिकवला होता.

ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. महाराष्ट्राचे धान्य त्या वर्षी नेहमीच्या मानाने फारच घटले होते, तरी माणसे भुकेने मोठ्या संख्येने मेली नाहीत. त्याचे एक मोठे कारण ही मजुरी. मजुराच्या हातात पैसा आहे असे दिसल्यावर धान्य खेडोपाडी जाऊन पोचले. उलट १९४३ साली बंगालमध्ये काय झाले? अमर्त्य सेन यांनी दाखवल्याप्रमाणे, तेथे धान्य त्या प्रमाणात कमी झालेले नव्हते. शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या हातात ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती, आणि सेन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३० लाख माणसे गेली. क्रयशक्ती हा पुस्तकी शब्द वाटतो खरा. पण वेळप्रसंगी तो जगण्या-मरण्याचा शब्द असतो.

या दुष्काळी कामांना कायमचे रूप देण्याचे श्रेय वि. स. पागे यांच्याकडे जाते. पागे हे विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने हा प्रयोग लहान प्रमाणावर झाला होता. पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जो प्रौढ माणूस काम मागेल त्याला १५ दिवसांत काम द्यावयाचे, नाही तर बेकारभत्ता द्यावयाचा. दुष्काळ असो वा नसो. काम ही सरकारची मेहेरबानी न राहता मागणाऱ्याचा हक्क झाला, हे त्यातले नवे.

पैसा कोठून आला? शिक्षकमित्रहो, हा भाग खास तुमच्यासाठी. तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची एक बारीक कपात असते. पुष्कळांना ती कशाची हे माहीत नसते, आणि दर फेब्रुवारीत शिक्षकांच्या खोलीत त्यावर चार शब्द बोलले जातातच. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. शहरातल्या आणि पगारदारांच्या खिशातून थोडे काढायचे, सरकारने तेवढीच भर घालायची, आणि ते खेड्यातल्या मजुराच्या हाती द्यायचे, अशी ती योजना होती. यातही हिशेब आहे. माझ्या पगारातून २०० रुपये गेले तर माझी खरेदी फारशी कमी होत नाही. बँकेतली शिल्लक तेवढी कमी होते. तेच २०० मजुराच्या घरी गेले तर त्याच आठवड्यात बाजारात येतात.

याच कल्पनेवर देशाचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व देशभर लागू झाला. दर ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १२५ झाले, खर्चात राज्यांचा वाटा वाढला, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आली. हंगामात मजूर मिळत नाही ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. पण मजुराच्या बाजूने पाहिले, तर दुसरे काम हाताशी असले म्हणजेच त्याला शेतावरची मजुरी थोडी ताणून मागता येते. या दोघांचा वाद गावच्या चावडीवरच ऐकावा. पुस्तकात तो इतका जिवंत नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राव आणि वकील-ब्रह्मानंद यांची शंका आज कितपत उरली आहे?

कोठाराकडे पाहा. जून २०२० मध्ये सरकारच्या गुदामांत गहू-तांदूळ मिळून ८ कोटी टनांहून अधिक साठा होता. त्याच वर्षी सुमारे ८० कोटी लोकांना माणशी ५ किलो जादा धान्य फुकट वाटले गेले, तरी साठा पुरून उरला. कारखान्यांकडे पाहा. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०१९-२० च्या दुसऱ्या तिमाहीत देशातील कारखान्यांची सुमारे ६९ टक्के क्षमता वापरात होती. म्हणजे १०० यंत्रांतली ३१ उभी. त्याच सुमाराची, ऑगस्ट २०१९ ची, एक बातमी माझ्या लक्षात राहिली आहे. एका फार मोठ्या बिस्किट कंपनीने जाहीर केले, की खेड्यापाड्यांत ५ रुपयांचा पुडाही पूर्वीसारखा खपेनासा झाला आहे, कर कमी झाला नाही तर ८ ते १० हजार माणसे कमी करावी लागतील. ५ रुपयांचा पुडा! मंडळी, चहात बुडवायचे बिस्किट ज्या घरातून कमी होते, त्या घरात त्याआधी काय काय कमी झाले असेल याचा विचार करा.

म्हणजे चित्र उलटले. १९५२ साली मागणी होती आणि माल नव्हता. पुढे माल आहे आणि मागणी नाही, अशी वेळ आली. मग औषधही बदलायला हवे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांच्या नफ्यावरील कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडावे लागतील असा सरकारचाच अंदाज होता. अपेक्षा अशी, की कंपन्या नवे कारखाने काढतील. पण ज्याची एक पिठाची गिरणी अर्धा दिवस बंद असते, तो दुसरी गिरणी कशाला घालील? कर कमी झाला म्हणून? दळण आले म्हणून घालील. ही चूक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावी, असे माझे मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ते पाऊल योग्य दिशेचे. मात्र करातली सवलत खरेदी करणाऱ्यालाच मिळते. ज्याच्या खिशात काही नाही, त्याला स्वस्त पुडाही लांबच.

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, मजुरीचे मोल पुन्हा दिसले. शहरांतून लाखो माणसे पायी गावी परतली. त्या वर्षी रोजगार हमीवर १ लाख ११ हजार कोटींहून अधिक खर्च झाला, साडेसात कोटी कुटुंबांनी काम केले, आणि ३८९ कोटी दिवसांचे काम निघाले. कोठार भरलेले असल्यामुळे या पैशाने ज्वारी-गव्हाचे भाव आभाळाला भिडले नाहीत. राव आज असते तर त्यांनी आपली शंका स्वतःच मागे घेतली असती, असे मला वाटते.

"पण बेकारी तर कमी झाली आहे ना?" असे कोणी विचारील. बरोबर आहे, सरकारी पाहणीत बेकारीचे प्रमाण २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाले. पण या आकड्यात कोण बसतो ते पाहिले पाहिजे. वर्षभरात ३० दिवस जरी काही काम केले, तरी तो माणूस कामकरी धरला जातो. घरच्या दुकानात किंवा शेतावर बिनपगारी हात लावणारी सूनही कामकरी. २०१७-१८ मध्ये १०० कामकऱ्यांत ५२ जण स्वतःचे काम करणारे होते, ते २०२३-२४ मध्ये ५८ झाले; आणि शेतीवर असलेल्यांचा वाटा घटण्याऐवजी ४४ वरून ४६ टक्क्यांवर गेला. शहरातली नोकरी सुटलेला मुलगा घरी आला, बापाच्या दोन एकरांत उभा राहिला, की कागदावर बेकारी संपली. शेत तेवढेच, भाकरीही तेवढीच, खाणारे मात्र वाढले. याला आमच्या शास्त्रात छुपी बेकारी म्हणतात. ती आकड्यात दिसत नाही, बाजारात दिसते.

आणि उघडी बेकारी आहे ती शिकलेल्यांची. २०२२-२३ च्या पाहणीत पदवीधरांत १०० पैकी १३ हून अधिक जण बेकार होते. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते करतो. बापाने जमिनीवर कर्ज काढून शिकवलेला मुलगा मात्र थांबून राहतो. माझ्या वर्गातून दर वर्षी असे साठ-सत्तर बाहेर पडतात. चार वर्षांनी भेटले, की नमस्कार करतात आणि रस्ता ओलांडून पलीकडे जातात. तो नमस्कार मला झेपत नाही.

आणखी एक प्रश्न. काम न देता सरळ पैसेच दिले तर? महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत दोन कोटींहून अधिक बहिणींना दरमहा १५०० रुपये मिळू लागले. टीका करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की बाईच्या हाती आलेला पैसा मुलांच्या वह्या, औषध, किराणा या वाटेने लगेच बाजारात येतो. बाजारापुरते पाहिले तर हे पैसे वाया जात नाहीत. माझी अडचण दुसरी आहे. मजुरीच्या १०० रुपयांतून बाजाराला गिऱ्हाईक मिळते आणि गावाला पाझर तलावही मिळतो. पुढच्या वर्षी त्या तलावाखालच्या विहिरीला पाणी येते, कोणाची तरी बागायत वाढते, आणि तेथे आणखी काम निघते. नुसत्या पैशाने गिऱ्हाईक मिळते, तलाव मिळत नाही. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना पैसेच द्यावेत. धडधाकट माणसाला मात्र काम आणि तेही वेळेवरच्या मजुरीचे. मजुरी दोन-दोन महिने अडकली, की मजूर वाण्याच्या वहीत जातो. आणि पैसे आल्यावर ते जुन्या उधारीत जिरतात, बाजारात फिरत नाहीत.

आता ती १०० चे ५०० करणारी श्रेढी. तिच्यात एक छिद्र आहे, ते सांगायचे राहिले. गावात मिळालेल्या मजुरीतले ८० रुपये खर्च झाले खरे, पण गावातच झाले का? त्यातले ४० बाहेरगावच्या मालावर गेले आणि गावात ४० च राहिले, आणि पुढे प्रत्येक फेरीत असेच होत गेले, तर ५०० न होता जेमतेम १६७ होतात. बाकीची कमाई होते, पण ती दुसरीकडे कोठेतरी.

मी हा प्रयोग माझ्या वर्गात करून पाहिला. फळ्यावर दोन रकाने आखले, 'गावात' आणि 'बाहेर', आणि घरात गेल्या आठवड्यात झालेला खर्च प्रत्येकाने त्यात मांडायचा. 'बाहेर'चा रकाना भराभर भरला: मोबाइलचे रिचार्ज, पेट्रोल, तेलाची पिशवी, साबण, औषधे, बियाणे, तालुक्याच्या क्लासची फी. 'गावात' या रकान्यात दूध, भाजी, दळण, केस कापणे, ब्लाउजची शिलाई, सायकलचे पंक्चर. प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनीही हा प्रयोग करावा. तिसरी-चौथीच्या मुलांना तो सहज जमतो. माझ्या वर्गात तो संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या घरी शिलाईचं मशीन आहे. आई ब्लाउज शिवते. पण गेल्या आठवड्यात एकही आला नाही. हे कुठल्या रकान्यात लिहू?"